सीताफळ पुरंदरचं, सालं कुठं जातात?

पावसाळ्यात पुण्यात मिळणारं बरंचसं सीताफळ पुरंदरचं. पिकताच मऊ पडणारं हे फळ लांबचा प्रवास सोसत नाही. सासवड मात्र जेमतेम 30 किलोमीटर. दिवे घाट उतरून ते ज्या उरुळी देवाचीवरून येतं, तिथंच शहराचा कचरा वर्षानुवर्षं टाकला गेला. दुर्गंधी, दूषित पाणी. ग्रामस्थांनी गाड्या अनेकदा अडवल्या.

सीताफळात टाकाऊ भागच जास्त, पण सालं घरीच जिरतात. भोकं पाडलेल्या बादलीत तळाशी नारळाच्या शेंड्या, वर सालं आणि सुका पाला आलटून पालटून घाला. वास आला तर ओल जास्त झाली समजा; पाला वाढवा. बिया लवकर कुजत नाहीत, त्या वेगळ्या काढा. गांडूळखत प्रकल्प असेल तर महापालिका मिळकतकरात 5 टक्के सवलतही देते.