पडद्यावरील अंतराळ आणि वर्गातील विज्ञान

दादरा व नगर हवेलीतील दुधनी हे दमणगंगेवरील मधुबन जलाशयाच्या काठचे गाव. सिल्वासापासून दूर, डोंगराळ आणि प्रामुख्याने आदिवासी वस्तीच्या अशा या भागात दूरचित्रवाणी संच व मोबाईल यांच्याद्वारे अंतराळयाने, परग्रहवासी आणि यंत्रमानव आता घरोघरी येऊन पोहोचले आहेत. सुसज्ज प्रयोगशाळा मात्र त्या वेगाने खेडोपाडी पोहोचलेली नाही. पडद्यावरचे काल्पनिक यान आणि श्रीहरिकोट्याहून सुटणारा अग्निबाण यांतील भेद मुलाला कोणी समजावून दिला नाही, तर दोन्ही त्याच्या लेखी सारखीच खरी किंवा सारखीच खोटी ठरतात. हा धोका लहान नाही. तथापि ज्या चित्रामुळे तो निर्माण होतो, तेच चित्र कुशल शिक्षकाच्या हाती विज्ञानाचे पहिले पाठ्यसाधन होऊ शकते.

कल्पना आणि विज्ञान यांचे हे नाते ग्रामीण भारताला अगदीच अपरिचित नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. महाराष्ट्राचा त्या सहा राज्यांत समावेश नव्हता. पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर स्थिर भासणाऱ्या उपग्रहांकडून जगभर संदेश पाठविता येतील, असे प्रतिपादन आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली एका लेखात केले होते. पुढे विज्ञानकथालेखक म्हणून विख्यात झालेले आणि ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या १९६८ सालच्या चित्रपटाच्या पटकथेचे सहलेखक ते हेच क्लार्क होत.

मराठीत या कार्याला मोठे बळ मिळाले ते १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेमुळे. परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ते टोपणनाव होते आणि खरे लेखक होते ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लावली होती. मराठी वाचकाला कथेतून कृष्णविवर भेटले ते ‘इंटरस्टेलर’ या चित्रपटाच्या चाळीस वर्षे आधी, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावी अशी आहे.

वर्गात संपूर्ण चित्रपट दाखविण्याचे कारण नाही. तीन-चार मिनिटांचा एक प्रसंग पुरेसा होतो. तो दाखवून थांबावे, ‘असे खरोखर घडेल काय?’ असे विचारावे, मुलांचे अंदाज फळ्यावर लिहावेत आणि मग पडताळा घ्यावा. उदाहरणार्थ, ‘स्टार वॉर्स’ या १९७७ सालच्या चित्रपटात अवकाशातील स्फोटांचा प्रचंड आवाज ऐकू येतो. ध्वनीला प्रवासासाठी हवा, पाणी किंवा अन्य माध्यम लागते, आणि अवकाशात ते जवळजवळ नाही. दुधनीच्या विद्यार्थ्यांना जलाशयाचा काठ यासाठी उपयोगी पडेल. दूरवर एकाने ढोलावर टिपरी मारावी आणि इतरांनी पाहावे. टिपरी आधी पडताना दिसते, आवाज मागून येतो. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे आवाजाला लागलेल्या वेळेवरून अंतरही काढता येते. ध्वनी हा माध्यमातून चालत येणारा प्रवासी आहे हे एकदा पटले, की माध्यम नसेल तर काय होईल, हा प्रश्न मुले स्वतःच विचारू लागतात.

यानात तरंगणारे प्रवासी पाहून ‘तेथे गुरुत्वाकर्षण नाही’ असे मुले, आणि क्वचित मोठी माणसेही, सांगतात. वस्तुतः ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते. पत्र्याच्या रिकाम्या डब्याला तळाशी बाजूने भोक पाडावे व डबा पाण्याने भरावा. पाण्याची धार लागेल. तोच डबा उंचावरून सोडला, तर पडत असताना धार थांबते. डबा आणि पाणी एकाच वेगाने पडत असल्याने पाण्याचा दाब उरत नाही. अंतराळयान आणि त्यातील माणूसही असेच एकत्र पृथ्वीकडे पडत असतात. सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर एवढ्या आडव्या वेगामुळे ते जमिनीला भिडत नाहीत, इतकेच.

‘कोई मिल गया’ या २००३ सालच्या हिंदी चित्रपटातील ‘जादू’ हा परग्रहवासी उन्हातून शक्ती मिळवितो. हा प्रसंग हसण्यावारी नेण्यापेक्षा त्याचे गणित मांडावे. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊर्जा पडते. मुलाच्या शरीराचा अर्धा चौरस मीटर भाग सहा तास उन्हात राहिला, तर सुमारे २,६०० किलोकॅलरी ऊर्जा त्यावर पडेल. पिकाची पाने त्यांवर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम एक टक्का ऊर्जा अन्नात साठवितात. त्या हिशेबाने मुलाला मिळतील २६ किलोकॅलरी, म्हणजे फार तर चतकोर भाकरी. दिवसाची गरज मात्र दोन हजारांच्या घरात असते. झाडाला एवढी पाने का लागतात आणि ते चालत का नाही, याचे अर्धे उत्तर या गणितात आहे.

एक दक्षता मात्र घेतली पाहिजे. चित्र मनात पक्के बसते आणि नंतरचा खुलासा विसरला जातो. म्हणून पडताळा दुसऱ्या दिवसावर ढकलू नये, आणि तो झाल्यावर तोच प्रसंग पुन्हा दाखवावा. दुसऱ्यांदा पाहताना मुलांची नजर निराळ्या ठिकाणी जाते.

सर्वच अविश्वसनीय गोष्टी खोट्या नसतात, हेही दाखविणे तितकेच आवश्यक आहे. २०१४ सालच्या ‘इंटरस्टेलर’मध्ये कृष्णविवराजवळील ग्रहावरचा एक तास पृथ्वीवरील सात वर्षांएवढा आहे. या चित्रपटाचे शास्त्रीय सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांच्या गणितानुसार कृष्णविवर कमाल मर्यादेच्या अगदी जवळच्या वेगाने स्वतःभोवती फिरत असेल, तर हे शक्य आहे. काळाच्या गतीतील असा फरक, अतिसूक्ष्म प्रमाणात, पृथ्वीभोवतीही आढळतो. मोबाईलला ठिकाण दाखविणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर नकाशावरील चूक एका दिवसात सुमारे दहा किलोमीटरपर्यंत वाढेल.