बिहारची माती आणि युरोपच्या तोफा

तोफेच्या दारूत वजनाने सुमारे 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतो. जळतो तो कोळसा, आणि त्याला झटकन पेट घ्यायला लावतो गंधक. पण तोफेच्या ठासून भरलेल्या नळीत हवेला वाव नसतो. जळायला लागणारा ऑक्सिजन येतो सोऱ्यातून, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमधून. कोळसा कुठल्याही रानात पाडता येई, गंधक सिसिलीसारख्या ज्वालामुखीच्या मुलखातून मिळे. सोरा मिळवणे एवढे सोपे नव्हते. सोळाव्या ते अठराव्या शतकात तोफांच्या बळावर राज्य वाढवू पाहणाऱ्या प्रत्येक दरबाराला सोऱ्याची चिंता होती.

सोरा तयार करतात ते मातीतले जिवाणू. शेण, मूत्र, सडका पालापाचोळा यांतून अमोनिया सुटतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. ही कामगिरी सजीवांची आहे हे 1877 मध्ये श्लोसिंग आणि म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले, म्हणजे दारूच्या जोरावर साम्राज्ये उभी राहून गेल्यानंतर. या जिवाणूंना ऊब लागते, ओल लागते, खेळती हवा आणि चुनखडीची माती लागते. तयार झालेले नायट्रेट पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे बारमाही पावसाच्या प्रदेशात ते वाहून जाते. ओल्या हंगामानंतर लांबलचक कोरडा हंगाम आला, तरच ते ओलाव्याबरोबर वर चढून जमिनीवर पांढऱ्या फुलोऱ्यासारखे साचते.

थंड, दमट इंग्लंडमध्ये हे जमणे कठीण होते. तिथे सरकारी माणसे तबेल्यांच्या आणि कबुतरखान्यांच्या जमिनी खणून सोऱ्याची माती नेत. पहिल्या चार्ल्सने 1626 मध्ये प्रजेने माणसांचे आणि जनावरांचे मूत्र साठवून ठेवावे असा हुकूम काढला. लोक या खणाखणीला इतके विटले होते, की मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्या जागेत खणू नये असा कायदा 1656 मध्ये करावा लागला.

तोवर इंग्रजांना उत्तर बिहारची वाट सापडली होती. सारण, चंपारण, तिरहुत या भागांत जिवाणूंना हवे ते सगळे एका जागी होते: गंगा-गंडकीच्या गाळाची चुनखडीयुक्त जमीन, दाट वस्ती, घराला लागून बांधलेली गुरे, चार महिन्यांचा पाऊस आणि मग कोरडे दिवस. चुलीतली राख अंगणातच पडे आणि तिच्यातून पोटॅश मिळे. महाराष्ट्रातही जुन्या गावठाणाची पांढरी माती शेतकरी खत म्हणून शेतात टाकत आले आहेत. तिचा कस शेणामुताच्या आणि राखेच्या अशाच पिढ्यान्‌पिढ्यांच्या थरांतून येतो.

सोरा काढणे हा नोनिया जातीचा धंदा. पाऊस सरला की नोनिया गोठ्यांजवळची, पडक्या भिंतींच्या बुडाची माती खरवडून आणी. मातीच्या भिंतींच्या गोल हौदात बांबू आणि चटईच्या तळावर ती पसरून पायाने दाबायची, वरून पाणी सोडायचे आणि खाली झिरपलेले पाणी मडक्यात धरायचे. हे पाणी कढईत आटवताना एक मोठी युक्ती साधली जाई. शंभर ग्रॅम उकळत्या पाण्यात 240 ग्रॅमहून जास्त सोरा विरघळतो, 20 अंश तापमानाच्या पाण्यात जेमतेम 32 ग्रॅम. साध्या मिठाची विद्राव्यता मात्र तापमानाने फारशी बदलत नाही. त्यामुळे आटवताना मीठ आधी कढईच्या तळाशी बसे आणि पाणी निवले की सोऱ्याचे लांबट स्फटिक धरत. विद्राव्यतेचे आलेख कोणी काढण्याच्या कितीतरी आधी नोनियांच्या हाताला हे रसायनशास्त्र ठाऊक होते, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

राखेचे काम त्याहून नाजूक होते. मातीत बहुतांशी कॅल्शियम नायट्रेट असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटमुळे चुना वेगळा होऊन खाली बसतो आणि पोटॅशियम नायट्रेट उरते. हे नीट झाले नाही तर दारू सर्दावते. सह्याद्रीच्या पावसात ही अडचण किती मोठी होती ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रावरून कळते. दारूखाना वस्तीपासून दूर असावा आणि आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी ताकीद त्यात आहे.

सतराव्या शतकात डचांनी छपऱ्याला आणि इंग्रजांनी पाटण्याजवळ सिंघियाला सोऱ्यासाठी ठाणी केली. कलकत्त्याशी ज्याचे नाव जोडले जाते तो जॉब चार्नॉक त्याआधी बरीच वर्षे पाटण्याच्या वखारीचा प्रमुख होता. माल गंगेतून होड्यांनी हुगळीला जाई. सोरा जड असल्याने जहाजाच्या तळाशी भार म्हणून तो सोयीचा पडे आणि वर कापडाच्या गासड्या रचता येत. जहाजाला नाहीतरी भार भरावाच लागे, म्हणून सोऱ्याची वाहतूक स्वस्तात होई. 1693 च्या सनदेनुसार इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडच्या सरकारला दरवर्षी 500 टन सोरा देणे बंधनकारक झाले.

प्लासीच्या लढाईनंतर वर्षभरात, 1758 मध्ये, बंगालचा नवा नवाब मीर जाफर याने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता कंपनीला दिला. त्याआधी तो ख्वाजा वाजिद या आर्मेनियन व्यापाऱ्याकडे होता. डच आणि फ्रेंच आता इंग्रज देतील तेवढ्याच सोऱ्यावर अवलंबून राहिले. सप्तवार्षिक युद्धात फ्रान्सला दारूची टंचाई जाणवली ती याच काळात. प्लासीचे वर्णन कटकारस्थान आणि बंगालचा महसूल यांपाशी संपते. त्याच्या जोडीने जगातल्या सर्वोत्तम सोऱ्याची माती एका कंपनीच्या ताब्यात गेली, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे.

फ्रान्सने धडा घेतला. 1775 मध्ये दारूचे खाते सरकारी झाले आणि त्याच्या प्रमुखांत रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होता. घरांची खणाखणी कमी करून सोऱ्याचे कृत्रिम ढीग रचण्यावर भर देण्यात आला. काही वर्षांतच फ्रेंच दारू इतकी सुधारली, की अमेरिकी बंडखोरांना ती पुरवता आली. पुढे क्रांतीच्या काळात फ्रेंच नागरिकांनी आपली तळघरे खणून सोरा काढला. लाव्हॉझिएचा मात्र 1794 मध्ये गिलोटिनवर शिरच्छेद झाला.

एकोणिसाव्या शतकात दक्षिण अमेरिकेच्या अटाकामा वाळवंटातले सोडियम नायट्रेट आणि जर्मनीतले पोटॅश यांपासून स्वस्तात सोरा बनू लागला. 1884 मध्ये बिनधुराची दारू आली आणि 1913 मध्ये जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करणारा कारखाना सुरू झाला. लष्कराला बिहारच्या मातीची गरज उरली नाही. सोऱ्याबरोबर मीठही निघत असल्याने, मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रज सरकारने या धंद्यावर परवान्याची सक्ती केली होती. धंदा बसल्यावर बरेच नोनिया मातीकामाकडे वळले. बिहारमध्ये आज हा समाज अतिमागास वर्गात गणला जातो.