शेरूही आला समुद्रावर!

‘तुमी सगळे जाऊन या. मी राह्यतो घरी. शेरूले कोण पाहीन?’

गेली अकरा वर्षं आमच्याकडे प्रत्येक सहलीच्या आधी हे वाक्य ठरलेलं. बोलणाऱ्या माझ्या सासूबाई. शेरू म्हणजे आमचा गावठी कुत्रा. मामंजींनी पावसात भिजलेलं पिल्लू पिशवीत घालून घरी आणलं आणि ते आमचंच झालं. मामंजी गेले, पण शेरू अजूनही संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसतो. एकदा त्याला चार दिवस शेजाऱ्यांकडे ठेवलं, तर पठ्ठ्याने अन्नाला तोंड लावलं नाही. तेव्हापासून आई कुठे जाईनाशा झाल्या. माहेरच्या लग्नातसुद्धा सकाळी जाऊन रात्री परत!

गेल्या वर्षी मुलांनी कोकणात जायचा हट्ट धरला. आईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि माझी लेक पटकन म्हणाली, ‘आजी, तू समुद्र पाहिलाच नाहीस ना गं कधी?’ घरात एकदम शांतता. मैत्रिणींनो, सत्तरीला आलेल्या बाईने समुद्र पाहिलेला नाही आणि त्याचं कारण आपण सगळ्यांनी सोयीस्करपणे कुत्र्यावर ढकललं, हे त्या दिवशी मला लख्ख कळलं. घरातलं मुकं जनावर, आजारी माणूस, कुंडीतली तुळस, यांच्यासाठी मागे राहते ती बाईच. म्हटलं, या वेळी शेरूही येणार!

म्हणणं सोपं. नाचणगाव कुठे आणि समुद्र कुठे! पुलगाव स्टेशन आम्हाला हाकेच्या अंतरावर, म्हणून आधी रेल्वेची चौकशी केली. स्लीपर किंवा थ्री टायरमध्ये कुत्रा चालत नाही. फर्स्ट क्लासमध्ये दोन किंवा चार बर्थची अख्खी खोली आपल्या नावावर मिळाली तरच तो सोबत राहू शकतो. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत एकटा. म्हाताऱ्या शेरूला रात्रभर पेटीत ठेवायला आमचं मन होईना. अखेर गाडीनेच जायचं ठरलं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून वर्ध्याकडून थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत जाता येतं. पुढे पनवेल, माणगाव करत मंडणगडमार्गे दापोली. पण एका दिवसात हे अंतर तोडायचा हट्ट धरू नका. आम्ही संभाजीनगरला नणंदेकडे मुक्काम केला. दर दोन-अडीच तासांनी विश्रांतीच्या जागी गाडी थांबवली, शेरूला पाणी पाजलं, पाय मोकळे केले. निघताना पोटभर खाऊ घालू नका, कुत्र्यालाही गाडी लागते! आणि कितीही घाई असो, काचा लावून त्याला उन्हात गाडीत ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटांतही आतली हवा जिवावर बेतण्याइतकी तापते.

खरी परीक्षा राहायच्या जागेची. फोनवर ‘चालेल’ म्हणणारे दोन प्रकारचे असतात. एकांना खरंच चालतं, दुसऱ्यांना तुम्ही ‘कुत्रा’ म्हटल्याचं ऐकूच आलेलं नसतं. पहिल्या ठिकाणी आम्ही पोचलो आणि मालकांनी सांगितलं, ‘कुत्रा मागे गोठ्याजवळ बांधा.’ आईंनी शांतपणे पिशवी उचलली आणि म्हणाल्या, ‘मंग माही खाट बी तिथंच टाका.’ तासाभरात आम्ही कर्द्याला दुसरं घर शोधलं. तिथल्या काकू म्हणाल्या, ‘राहू दे हो त्याला. फक्त आमच्या कोंबड्या मोकळ्या असतात, तेवढं बघा.’ म्हणून सांगते, आधीच विचारा: कुत्रा खोलीत चालेल का? अंगणाला कुंपण आहे का? घरात मांजर, गुरं, कोंबड्या आहेत का? जादा पैसे किती? आणि आपली सतरंजी, ताटली, जुने टॉवेल घरूनच न्या. यजमानांच्या चादरीवर केस सोडून आलात, तर तुमच्यानंतर येणाऱ्या कुत्र्याला दार बंद होतं.

आता किनाऱ्यांबद्दल. ‘इथे कुत्रे आणा’ अशी पाटी मला तरी कुठे दिसली नाही. जागा आपणच पारखून घ्यायची. अलिबाग, नागाव, काशीद इथे सुट्टीत तुफान गर्दी, त्यात घोडागाड्या आणि वाळूवरच्या मोटारी. कुत्रा बिचकतो. दापोलीजवळचा कर्दे आम्हाला मानवला. लांबलचक, सपाट, घट्ट वाळूचा. म्हाताऱ्या सांध्यांना भुसभुशीत वाळूपेक्षा अशी वाळू बरी. शेजारचं मुरूड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या या माणसाचं बालपण इथे गेलं, हे आईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या.

लाडघरची लाल खड्यांची वाळू आणि गुहागरचा लांब किनारा सुंदरच. पण २०२५ मध्ये या दोन्ही किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छतेचं मानांकन मिळालं, आणि त्याच्या नियमांत पाळीव प्राण्यांवर नियंत्रण असतं. तिथे जाण्याआधी चौकशी करा. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. तो बघायला जाताना कुत्र्याला घरी कुणाजवळ तरी ठेवा. कोळणींनी वाळत घातलेली मासळी ही त्यांची कमाई आहे, आपल्या लाडक्याचा खाऊ नव्हे!

आणि वेळासला तर कुत्रा नेऊच नका. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली. साधारण नोव्हेंबर ते मार्च माद्या वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात, पुढे दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. ही अंडी उकरून खाणाऱ्यांत कोल्ह्यांबरोबर कुत्रेही असतात. म्हणून तर तिथे जाळीचं कुंपण घालतात. दापोलीच्या इतर किनाऱ्यांवरही कासवं येतात. तेव्हा साधा नियम: पट्टा सोडायचा नाही आणि कुत्र्याला पाण्याजवळच्या ओल्या वाळूतच चालवायचं. घरटी असतात ती भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत.

ओली वाळू कधी मिळणार, हे काकूंनी आईंना शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. द्वादशी म्हणजे बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊच्या सुमारास भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अंदाजाचं गणित आहे, पण उपयोगी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारच्या आसपास येते. म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी, गार वेळेला, किनारा सगळ्यांत रुंद! फक्त त्या दिवसांत उधाणही मोठं असतं, भरतीला पाण्यात उतरायचं नाही. जन्मभर चतुर्थी-एकादशी पाळणाऱ्या आमच्या आई दुसऱ्या दिवसापासून घरादाराला भरतीच्या वेळा सांगायला लागल्या. समुद्र न पाहिलेल्या बाईला त्याचं वेळापत्रक केव्हापासून पाठ होतं, फक्त तिला ते माहीत नव्हतं!

अमावास्येच्या पहाटे आम्ही सगळे खाली उतरलो. गावातली कुत्री भुंकत आली. आम्ही पळालो नाही, पट्टा सैल धरून उभे राहिलो. हुंगाहुंगी झाली आणि ती निघून गेली. शेरूने लाटेला एकदा भुंकून पाहिलं, लाट ऐकेना, म्हणून मागे सरला. आईंनी पातळ थोडं वर खोचलं, पट्टा हातात घेतला आणि दोघं ओल्या वाळूतून चालायला लागली. बऱ्याच वेळाने परत आल्या. म्हणाल्या, ‘केवढा व हा! ह्यायले दाखवाचा राह्यला.’ मग शेरूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘तू तं पाह्यला ना, मंग झालं.’

आता पुढच्या वेळेसाठी आईंनी गणपतीपुळ्याची चौकशी सुरू केलीय. आणि हो, ‘मी राह्यतो घरी’ हे वाक्य आमच्या घरातून हद्दपार झालंय!

कुत्र्याला किनाऱ्यावर नेताना

* निघण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस, गोचिडांचं औषध झालेलं हवं. लसीचं कार्ड जवळ ठेवा.
* गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहा.
* गोड पाणी भरपूर न्या. तहानेने समुद्राचं पाणी प्यायला, तर उलट्या-जुलाब होतात.
* वाळूवर हाताची मागची बाजू टेकवा. आपल्याला सात सेकंद सोसत नसेल, तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.
* किनाऱ्यावर पडलेले मेलेले मासे, जेलीफिश, गळ आणि जाळ्यांचे तुकडे यांपासून दूर ठेवा. फुगून गोल झालेला मासा विषारी असू शकतो.
* मे महिन्यात आंब्याच्या कोयी आवाक्यात ठेवू नका. आतड्यात अडकली तर ऑपरेशनची वेळ येते.
* परतल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ घाला, कान आणि बोटांमधली जागा पुसून कोरडी करा.
* त्याची घाण आपणच कागदात उचलायची. लाज कसली? लेकरांचं करतोच ना!