बहिष्कार, कर आणि कायदा : कापडाच्या धंद्याने शिकविलेला धडा

सरकारचे एखादे धोरण पटले नाही तर साध्या दुकानदाराने काय करावे? मोर्चाला जाण्यास सवड नसते, निवडणूक पाच वर्षांनी येते आणि भाषण करणे प्रत्येकाला जमत नाही. मग हाती उरतो तो आपला पैसा. काय विकत घ्यावे, दुकानात कोणता माल भरावा, बचत कोठे ठेवावी, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. या मार्गाने आपली नाराजी सरकारपर्यंत पोहोचते काय, आणि तसे करताना कायदा मोडतो काय, असे तरुण व्यापारी आम्हांला वारंवार विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास पुणेकराला फार दूर जावे लागत नाही. हा प्रयोग आपल्याच शहरात आणि आपल्याच कापडाच्या धंद्यात झालेला आहे.

पुण्याची सुरुवात

सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० साली पुणे सार्वजनिक सभा स्थापन केली. त्यांनी देशी मालाची दुकाने काढण्यास उत्तेजन दिले, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यात गेले. राजेरजवाडे जरतारीत आलेले असताना एका वकिलाने खादी घालून बसणे हीच मोठी तक्रार होती. त्यात कायद्याचा भंग मात्र काहीच नव्हता. कोणी कोणते कापड घालावे हे ठरविणारा कायदा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

पुढे १८९६ साली कापडावरील कराचा कायदा आला. विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात, आणि त्याच्या तोडीस तोड म्हणून हिंदुस्थानी गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादन कर बसला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना आपल्या मालाला बाधा नको होती, म्हणून हा दुसरा कर लादला गेला. पुण्यात टिळकांनी त्याविरुद्ध चळवळ केली आणि विलायती कापडाची होळीही झाली.

यातील एक बारकावा व्यापाऱ्याने ध्यानात घेण्यासारखा आहे. गिरणीच्या देशी कापडावर कर होता, हातमागाच्या कापडावर नव्हता. म्हणजे विलायती सोडून मुंबईच्या गिरणीचे धोतर घेतले तर मँचेस्टरचे नुकसान होई, पण सरकारच्या तिजोरीत साडेतीन टक्के जातच. ज्याला तिजोरीलाही कमी द्यायचे असेल त्याने मोमीन, साळी, कोष्टी यांच्या मागावरचे कापड घ्यावे लागे. तेथेही सूत विलायती असेल तर पैसा पुन्हा बाहेर जाई. तेव्हा नुसते ‘देशी’ म्हणून चालत नाही. आपला रुपया कोणकोणत्या हातांतून फिरतो हे शेवटपर्यंत पाहावे लागते. तो उत्पादन कर जाण्यास १९२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तो थांबविला आणि १९२६ मध्ये रद्द केला. म्हणजे सुमारे तीस वर्षे लागली.

होळीने काय होते?

बंगालच्या फाळणीविरुद्ध ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विलायती कपड्यांची मोठी होळी झाली. टिळक आणि शिवरामपंत परांजपे तेथे हजर होते. पुढाकार घेणारे फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड झाला व वसतिगृह सोडावे लागले. मुंबईत ३१ जुलै १९२१ रोजी परळला गिरणीमालक उमर सोबानी यांच्या आवारात गांधीजींच्या हस्ते तशीच होळी झाली. खिलाफत आणि असहकार या दोन्ही चळवळी तेव्हा एकत्र चालल्या होत्या.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर घरातले जुने कापड जाळल्याने मँचेस्टरचा एक पैसाही परत येत नाही. त्याची किंमत केव्हाच चुकती झालेली असते. होळीने मन तयार होते, बोभाटा होतो. खरा परिणाम होतो तो पुढची ऑर्डर न गेल्याने. चालते कापड जाळणे अनेकांना नासाडी वाटत होते. म्हणूनच काँग्रेसने १९२१ च्या ठरावात गोळा झालेले कापड जाळावे की देशाबाहेर वापरासाठी पाठवावे, हे मालकाच्या मर्जीवर सोडले. ही सवलत शहाणपणाची होती. माल ज्याचा, निर्णय त्याचा.

ऑर्डरी थांबल्या की काय होते ते १९३० साली दिसले. त्या एका वर्षात हिंदुस्थानात येणारे परदेशी कापड निम्म्याहून खाली आले. मात्र सगळे श्रेय बहिष्काराला देणे बरोबर नाही. जगभर मंदी होती आणि त्याच वर्षी आयात जकातही वाढली होती. तीनही गोष्टी एकत्र आल्या. त्याची किंमतही माणसांनी मोजली. आपल्या पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळ गावचा गिरणी कामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाच्या मोटारीखाली चिरडला गेला.

जबरदस्ती केली की चळवळ बिघडते

बंगालचा अनुभव आमच्या वाचकांनी विसरू नये. तेथे १९०५ नंतर स्वदेशी माल महाग आणि जाडाभरडा मिळत होता. पूर्व बंगालातील गरीब मुसलमान शेतकरी आणि छोटे दुकानदार यांना तो परवडत नव्हता. काही ठिकाणी जमीनदार व त्यांच्या माणसांनी बाजारात सक्ती केली. १९०६-०७ साली तेथे जे दंगे झाले त्यांच्या अनेक कारणांपैकी ही सक्ती एक होती. ज्याच्या ताटात आधीच कमी आहे त्याच्यावर दुसऱ्याच्या निषेधाचा भार टाकला, की तो निषेधाचाच शत्रू होतो.

आणखी एक फरक मनात पक्का असावा. सरकारच्या धोरणाविरुद्ध आपण स्वतः एखादी वस्तू न घेणे निराळे, आणि अमुक जातीच्या किंवा धर्माच्या माणसाकडून माल घेऊ नका असे सांगत फिरणे निराळे. दुसऱ्या प्रकारची हाक आपल्या लोकांविरुद्ध दिलेली आपण ऐकली आहे. ती किती बोचते हे आपल्याला माहीत आहे. म्हणून आपण ती कोणाविरुद्धही देऊ नये. समाजातील माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदाच केला आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे.

आज काय चालते, काय चालत नाही

आता रोजच्या व्यवहाराकडे येऊ.

खरेदी. एखादी वस्तू न घेणे पूर्ण कायदेशीर आहे. जो माल घेतलाच नाही त्यावर कर लागत नाही. तंबाखू, सिगारेट सोडली तर तब्येतही सुधारते आणि त्यावरचा भारी करही वाचतो.

बचत. पोस्टातील अल्पबचत योजनांत व पीपीएफमध्ये ठेवलेला पैसा सरकारकडे कर्जाऊ जातो. सरकारला कर्ज द्यायचे की नाही हे ठरविण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तेथे नवी रक्कम न भरता ती धंद्यात, यंत्रात किंवा दुकानाच्या गाळ्यात घालता येते. जुनी रक्कम मात्र रागाच्या भरात मुदतीआधी काढण्याची खटपट करू नये. सरकारला त्याचे काही वाटणार नाही, तोटा आपला होईल.

सरकारी कामे. नवे टेंडर न भरणे आपल्या हातात आहे. पण सही केलेला करार अर्ध्यावर सोडणे हा करारभंग आहे, आणि अनामत रक्कम जप्त होऊ शकते.

कर. येथे मात्र निषेधाला जागा नाही. बिल न देता माल विकणे ही करचुकवेगिरी आहे, तिला चळवळीचे नाव देऊ नये. जीएसटी तर गिऱ्हाइकाकडून घेतलेला पैसा. तो आपल्याकडे अमानत असतो. वसूल केलेला कर तीन महिन्यांहून अधिक काळ न भरणे कायद्याने गुन्हा आहे, आणि रक्कम मोठी असेल तर तुरुंगवासही होतो. बारडोलीच्या शेतकऱ्यांनी १९२८ साली वाढीव सारा भरला नाही आणि अखेर २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली हे खरे. पण त्यांनी जमिनी व गुरे जप्त होणार हे समजून उमजून तो कायदा मोडला होता. तो सविनय कायदेभंग होता. कायद्यात बसणारा निषेध ही निराळी वाट आहे. दोहोंची गल्लत करू नये.

बंद. स्वतःचे दुकान स्वतःच्या मर्जीने बंद ठेवता येते. शेजाऱ्याचे शटर जबरदस्तीने खाली ओढता येत नाही. सक्तीचा बंद घटनाबाह्य असल्याचा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

परिणाम कधी होतो?

अलीकडचे दोन दाखले पाहा. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकातीऐवजी एलबीटी आला. राज्यभरच्या व्यापाऱ्यांनी एप्रिल-मे महिन्यांत दुकाने बंद ठेवली. बंदने तो कर गेला नाही. बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता तो १ ऑगस्ट २०१५ पासून उठला, तेव्हा मध्ये निवडणूक होऊन सरकार बदलले होते. दुसरा दाखला आपल्या धंद्याचा. कापडावरचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ५ वरून १२ टक्के होणार होता. देशभरच्या कापड बाजारांनी हिशेब मांडून निवेदने दिली, राज्य सरकारांना गाठले, काही बाजार बंदही राहिले. ३१ डिसेंबर २०२१ रोजी जीएसटी परिषदेने ती वाढ पुढे ढकलली. संघटना, आकडे आणि एकच स्पष्ट मागणी असली की काम होते.

तेव्हा ज्याला पैशाच्या मार्गाने निषेध करायचा असेल त्याने आधी चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. माझा रुपया शेवटी कोणाकडे जातो? तो थांबला तर सरकारला झळ बसेल की कारागिराला? कायद्याची हद्द कोठे आहे? आणि हे मी किती वर्षे निभावू शकेन? शिवाय आपण असे का करीत आहोत हे संबंधित खात्याला किंवा आपल्या आमदाराला पत्राने कळवावे. न बोलता कमी झालेला खप सरकारच्या दप्तरी मंदी म्हणूनच लिहिला जातो. वही स्वच्छ ठेवावी, कर वेळेवर भरावा आणि मग ठामपणे नाही म्हणावे. ज्याचे दप्तर साफ आहे त्याला तपासणीची भीती दाखवून गप्प बसविणे कठीण असते.