बोळातला एसी: शेजाऱ्यांचे समज आणि कायद्याची वस्तुस्थिती

वैशाखात कलबुर्गी जिल्ह्याचा पारा 42 अंशांच्या पलीकडे जातो, आणि गाणगापुरास दत्तदर्शनार्थ येणारा यात्रेकरू दुपारच्या माधुकरीसाठी कितीही श्रद्धेने उन्हात हिंडला, तरी मुक्कामाची खोली मात्र त्याला थंडगार हवी असते. त्यामुळे देवळाभोवतीच्या ज्या बोळांत समोरासमोरच्या दारांतून सहज बोलता येते, तेथे लॉजांच्या आणि घरांच्याही भिंतींवर एसीची बाहेरची युनिटे लोखंडी स्टँडवर विराजमान झाली आहेत. यंत्रांपाठोपाठ तंटे आले, आणि तंट्यांत उभय पक्ष सारख्याच ठामपणे चुकीचे बोलू लागले.

मालक म्हणतो, माझी भिंत, माझे यंत्र, विचारणारा कोण? शेजारी म्हणतो, रहिवासी वस्तीत एसीला मनाईच आहे, पंचायतीने हुकूम काढला की तो उतरलाच पाहिजे. वस्तुतः घरगुती एसीसाठी निराळा कायदा नाही. हद्द, आवाज, सांडपाणी आणि उपद्रव यांविषयीचे सर्वसाधारण कायदेच त्याला लागू पडतात. मुंबई-पुण्याच्या आप्तांकडून ऐकलेले सोसायटीचे उपविधी त्या सोसायटीच्या सभासदांपुरते. गाणगापूरच्या बोळात त्यांचा अंमल चालत नाही.

हद्दीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. भिंत आपल्या मालकीची असली, तरी तिच्यापुढे शेजाऱ्याच्या जागेवर आलेला स्टँड हे अतिक्रमणच होय, मग तो जमिनीपासून कितीही उंच असो; सार्वजनिक बोळावर तो रहदारीस आड येत असेल, तर ग्रामपंचायतीच्या पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) अर्ज देता येतो. भिंत सामाईक असेल, तर बसवण्यापूर्वीच संमती घेणे इष्ट, कारण जुन्या दगडी भिंतीतून कॉम्प्रेसरची थरथर पलीकडच्या खोलीत पोचते आणि पुढे रबरी बूच घालूनही ती पुरती थांबेल याचा भरवसा नसतो.

खरा गुंता आवाजाचा. रात्री दहानंतर कोणताही आवाज बेकायदा, आणि दिवसा सर्व मुभा, हा समज गावोगाव पसरलेला आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45 डेसिबल अशी मर्यादा घातली आहे; म्हणजे बंधन दोन्ही वेळी आहे, फक्त रात्री ते अधिक कडक. मात्र 45 चे 46 झाले म्हणून कोणी तक्रार घेऊन धावावे, असा या नियमांचा आशय नाही. पातळी मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने किंवा अधिक वाढली, अथवा रात्रीसाठी घातलेल्या निर्बंधांचा भंग झाला, तर प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. चांगल्या स्थितीतले स्प्लिट युनिट एक मीटरवर साधारण 50 ते 55 डेसिबल आवाज करते. मोकळ्या अंगणात अंतर दुप्पट झाले की तो सुमारे 6 डेसिबलने उतरतो, परंतु अरुंद बोळात समोरच्या भिंतीवर आदळून परत येतो. म्हणूनच तेच यंत्र गच्चीवर निरुपद्रवी आणि बोळात असह्य ठरते. पट्टीने मोजून 10 डेसिबल भरत नसले, तरी झोपेचा सततचा नाश हा दिवाणी न्यायालयात उपद्रव म्हणून दाद मागण्याचा विषय आहेच, हे शेजाऱ्याने विसरू नये आणि मालकाने तर मुळीच विसरू नये.

यंत्रातून विषारी गॅस बाहेर सोडला जातो, ही भीती मात्र निराधार आहे. गॅस बंदिस्त नळ्यांतच फिरतो. बाहेर येते ती उष्णता. दीड टनाचे यंत्र खोलीतून सुमारे 5 किलोवॅट उष्णता उपसते, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तीत मिळवून सगळी समोर फेकते. ती शेजाऱ्याच्या खिडकीत शिरत असेल, तर त्याचा राग गैरवाजवी म्हणता येणार नाही.

पाण्याविषयी थोडक्यात: कोरड्या वैशाखात ते थोडेच गळते, पावसाळ्यात पुष्कळ, दोन्ही ऋतूंत पाइप गटारापर्यंत नेलाच पाहिजे, कारण बोळातल्या शहाबादी फरशीवर ओल साचली की यात्रेकरू घसरतो.

24 अंशांखाली यंत्र चालवणे गुन्हा आहे, असेही ऐकू येते. 2020 च्या जानेवारीपासून तारांकित एसी सुरू होतानाचे मूळ तापमान 24 ठेवणे हे उत्पादकावर बंधन आहे. वापरणारा ते खाली आणू शकतो.

राहिला विजेचा वाद. शेजाऱ्याचा एसी लागला की आमचा करंट मंदावतो, ही तक्रार पुष्कळदा खरी असते. रोहित्र अपुरे असणे आणि मंजूर भाराची दरखास्त न देताच यंत्र जोडणे ही तिची नेहमीची कारणे, आणि दोहोंची चौकशी जेस्कॉम या वीज कंपनीच्या दप्तरात करावी. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकाला महिन्याला 200 युनिटांपर्यंत वीज फुकट, म्हणून एसीही फुकट, या समजुतीचा फुगा तर पहिल्याच उन्हाळ्यात फुटतो: रात्रभर चालणारे दीड टनाचे यंत्र महिन्याला अडीचशे युनिटांच्या घरात सहज जाते, आणि ही मर्यादा ओलांडताच त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. लॉजचे मीटर व्यापारी असल्याने या योजनेशी त्याचा मुळातच संबंध नाही.