कॉफी पातळ, कॅफिन तेवढेच

चिखलदऱ्याच्या सहलीवरून परतताना तेथील कॉफीची पुडी घरी आणण्याची पद्धत आपल्याकडील अनेक कुटुंबांत आहे. सातपुड्याच्या रांगांत, सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेल्या या गावाच्या परिसरात कॉफीचे झाड रुजले, ही गोष्ट अमरावती जिल्ह्याचे वैशिष्ट्य म्हणून कौतुकाने सांगितली जाते. तरीही वऱ्हाडातील घर हे मुख्यतः चहाचेच घर. पाहुणा आला की आधण चढते ते चहाचे. कॉफी आजवर उपवासाला, परीक्षेच्या रात्रीला किंवा सर्दीपडशाला राखलेली असे.

गेल्या काही वर्षांत हे चित्र बदलले आहे. अमरावती आणि अकोल्यात कॅफे उघडली आहेत. पुण्याहून सुटीवर आलेली नातवंडे आजी-आजोबांना हौसेने तेथे घेऊन जातात. भिंतीवरील फलकावर अमेरिकानो, लाँग ब्लॅक, लुंगो अशी नावे असतात. त्यांतील एखादी कॉफी मागवताना बहुतेक घरांत एकच विचार केला जातो: 'हिच्यात दूध नाही, साखर नाही, वरून पाणीच घातलेले आहे, म्हणजे आजोबांना सोसेल.' या विचारातील साखरेचा भाग खरा आहे. पाण्याचा भाग मात्र फसवा आहे, आणि तो नीट समजून घेणे ज्येष्ठांच्या व त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या हिताचे आहे.

लग्नातली 'एक्स्प्रेसो' आणि खरी एस्प्रेसो

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्या पिढीने 'एक्स्प्रेसो कॉफी' हे नाव ऐकले ते लग्नमंडपात. फुसफुसणारे वाफेचे यंत्र, त्याच्या नळीखाली धरलेले भांडे, वर आलेला दुधाचा फेस आणि त्यावर चॉकलेटच्या भुकटीची चिमूट. ही कॉफी म्हणजे वाफेने फेसाळलेले गोड दूध व त्यात मिसळलेली झटपट कॉफीची भुकटी. ती चवीला छान असते. पण इटलीत ज्याला एस्प्रेसो म्हणतात तो पदार्थ हा नव्हे.

खऱ्या एस्प्रेसोत दूध नसतेच. भाजून बारीक दळलेल्या सात ते नऊ ग्रॅम कॉफीचा घट्ट दाबलेला थर करतात आणि त्यातून ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी वातावरणाच्या सुमारे नऊपट दाबाने ढकलतात. पंचवीस ते तीस सेकंदांत जेमतेम २५ ते ३० मिलिलिटर दाट, काळसर अर्क खाली उतरतो. त्याच्या पृष्ठभागावर तांबूस फेसाची साय धरते. तिला क्रेमा म्हणतात. भाजलेल्या कॉफीतील कार्बन डायऑक्साइड वायू आणि तेलाचे सूक्ष्म थेंब यांच्यामुळे ती तयार होते. अशा एका मात्रेला कॅफेच्या भाषेत 'शॉट' म्हणतात.

वाफेच्या साहाय्याने कॉफी काढण्याच्या यंत्राचे पेटंट तुरीन येथील अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये घेतले. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये त्याचे सुधारित रूप आणले. दांडीच्या जोरावर अधिक दाब देणारे आणि क्रेमा निर्माण करणारे यंत्र मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, अकिले गाज्जा यांच्या प्रयत्नांतून प्रचारात आले.

पाणी केव्हा मिसळले, यावर चव ठरते

एस्प्रेसो आणि पाणी या दोनच गोष्टींपासून वेगवेगळी पेये होतात. भेद असतो तो पाणी कोणत्या टप्प्यावर आले याचा.

अमेरिकानो: आधी एस्प्रेसो काढतात आणि मग तिच्यावर गरम पाणी ओततात. साधारणतः एका शॉटला तीन ते चार पट पाणी, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. वरून पडणाऱ्या पाण्याने क्रेमा मोडतो आणि चव एकसारखी, सौम्य लागते. महायुद्धाच्या काळात इटलीत आलेल्या अमेरिकी सैनिकांना दाट एस्प्रेसो झेपेना, म्हणून ते तिच्यात पाणी घालू लागले आणि त्यावरून हे नाव पडले, अशी कथा सांगितली जाते.

लाँग ब्लॅक: ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडील पद्धत. येथे क्रम उलटा असतो. कपात आधी शंभर-सव्वाशे मिलिलिटर गरम पाणी घेतात आणि त्यावर हलकेच दोन शॉट सोडतात. क्रेमा वर टिकून राहतो; पाणीही तुलनेने कमी असते. त्यामुळे सुवास अधिक आणि चव ठसठशीत लागते.

लुंगो: या इटालियन शब्दाचा अर्थ 'लांबवलेली'. हिच्यात पाणी नंतर मिसळत नाहीत. त्याच कॉफीच्या थरातून दुप्पट पाणी जाऊ देतात. याउलट निम्म्या पाण्यात आटोपलेल्या अर्काला रिस्ट्रेटो म्हणतात. तो दाट आणि काहीसा गोडसर असतो.

अमेरिकानो आणि लुंगो यांतील भेद आपल्याला चहावरून चटकन कळेल. तयार झालेला चहा कडक वाटला, तर त्यात थोडे आधणाचे पाणी घालता येते. तो पातळ होतो, पण तुरट होत नाही. तीच पत्ती अधिक पाण्यात अधिक वेळ उकळत ठेवली, तर तुरटपणा उतरतो. कॉफीतही आंबट व सुवासिक द्रव्ये लवकर उतरतात, कडू द्रव्ये मागाहून. लुंगोत ती मागची द्रव्येही कपात येतात. म्हणूनच ती अमेरिकानोपेक्षा कडवट लागते.

पातळ म्हणजे सौम्य नव्हे

आता मुख्य मुद्दा. एका शॉटमध्ये साधारणतः ६० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. तो छोट्या पेल्यात तसाच घेतला किंवा मोठ्या मगभर पाण्यात मिसळला, तरी पोटात जाणारे कॅफिन तेवढेच. पाण्याने चव उतरते, रंग फिका होतो. कॅफिनचा अंश कमी होत नाही. शिवाय बऱ्याच कॅफेंत मोठ्या कपात दोन शॉट घालण्याचा प्रघात आहे. म्हणजे जी कॉफी सर्वांत पातळ दिसते, तिच्यात सव्वाशे मिलिग्रॅम कॅफिन असू शकते. रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते, हेही लक्षात असावे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये, असे सांगितले आहे. त्याच सूचनांनुसार चहाच्या एका कपात ३० ते ६५ आणि झटपट कॉफीच्या कपात ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. आता हिशेब करा. दिवसभरात चार कप चहा घेणाऱ्या आजोबांच्या पोटात सरासरीने १६० ते २०० मिलिग्रॅम कॅफिन आधीच गेलेले असते. संध्याकाळी नातवाबरोबर दोन शॉटची एक अमेरिकानो झाली, की मर्यादा गाठली किंवा ओलांडली गेली.

शरीरातील निम्मे कॅफिन बाहेर पडायला सर्वसाधारणपणे पाच तास लागतात. यकृताचा विकार असल्यास त्याहूनही अधिक. संध्याकाळी सातला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंश मध्यरात्री जागाच असतो. झोप लागत नाही, लघवीसाठी उठावे लागते, अंधारात तोल जातो. ज्येष्ठांच्या बाबतीत खुब्याचे हाड मोडण्याची सुरुवात अनेकदा अशा साध्या कारणांतून होते.

माझ्या दवाखान्यातील एक उदाहरण देते. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक अकोल्याहून मुलाकडे अमरावतीला आले होते. सकाळी फिरणे झाल्यावर बापलेकांनी कॅफेत मोठी अमेरिकानो घेतली, घरचा जिना चढले आणि लगेच यंत्रावर रक्तदाब मोजला. तो १६४ वर ९० भरला. घाबरून मुलाने दूरध्वनीवर विचारले, "डॉक्टर, बाबांना रक्तदाबाची आणखी एक गोळी देऊ का?" त्रास काहीच नव्हता. त्यांना स्वस्थ बसवून दोन तासांनी पुन्हा मोजायला सांगितले. तेव्हा तो १४६ वर ८४ होता. चालणे, जिना, काळजी आणि कॉफी या चौघांनी मिळून तो आकडा चढवला होता. जादा गोळी दिली असती, तर दुपारी उभे राहताना रक्तदाब घसरून ते पडले असते, अशी भीती होती. म्हणून नियम असा: कॉफी किंवा चहा घेतल्यावर निदान अर्धा तास रक्तदाब मोजू नये, आणि एका आकड्यावरून गोळी वाढवू नये.

गोळ्या आणि कॉफी

पाणी घातलेली असो वा नसो, काही औषधांशी कॉफीचे जमत नाही.

थायरॉइडची गोळी: ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि निदान अर्धा, शक्यतो एक तास कॉफी घेऊ नये. एस्प्रेसोबरोबर घेतलेल्या गोळीचे शोषण कमी होते, हे इटलीतील डॉक्टरांनी २००८ मध्ये दाखवून दिले आहे.

लोहाची गोळी: कॉफीतील द्रव्ये लोहाला अडवतात. गोळी आणि कॉफी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. जेवणाआधी व नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी, असे राष्ट्रीय पोषण संस्थाही सांगते.

हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी: ती केवळ साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. कॉफीबरोबर घेतल्यास तिचे शोषण निम्म्याहूनही खाली येते.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि थिओफिलिन: पहिल्याने कॅफिन शरीरात अधिक काळ रेंगाळते, दुसरे दम्यासाठी दिले जाते आणि कॅफिनबरोबर त्याने धडधड वाढते. ही औषधे चालू असताना कॉफी जपून घ्यावी.

मधुमेही ज्येष्ठांना बिनसाखरेची अमेरिकानो लग्नातल्या गोड कॉफीपेक्षा निश्चितच बरी. परंतु कॅफिनने हात थरथरतात, छाती धडधडते. रक्तातील साखर उतरल्यावरही हीच लक्षणे दिसतात. अशा वेळी अंदाज बांधू नये. ग्लुकोमीटरवर साखर तपासावी. यंत्र जवळ नसेल, तर मात्र साखर उतरली आहे असेच धरून थोडी साखर द्यावी.

कोलेस्टेरॉल अधिक असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एस्प्रेसो कागदी गाळणीतून गाळलेली नसल्याने कॉफीतील काही तेलकट द्रव्ये कपात येतात आणि ती कोलेस्टेरॉल वाढवतात. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील २०२२ च्या अभ्यासात रोज तीन ते पाच कप एस्प्रेसो पिणाऱ्यांत ते अधिक आढळले. अधूनमधून एखादा कप घेण्याने बिघडत नाही. रोज घ्यायची असेल, तर कागदी गाळणीची कॉफी उत्तम.

काळजी घेणाऱ्यांनी काय करावे

कॅफेत गेल्यावर कपाचा आकार विचारू नका; 'किती शॉट?' असे विचारा. ज्येष्ठांसाठी एक शॉट आणि भरपूर पाणी असे स्पष्ट सांगा. तिघांनी मिळून एक मागवली, तरी चव कळतेच. चवीची हौस असेल, तर एक शॉटची लाँग ब्लॅक मागा; कडवटपणा नको असेल, तर लुंगो टाळा. बिनकॅफिनची कॉफी मिळत असेल तर उत्तम, मात्र तिच्यातही थोडे कॅफिन असतेच.

वेळ सकाळची किंवा फार तर दुपारची असावी. ज्या दिवशी कॉफी, त्या दिवशी चहाचे एक-दोन कप कमी करा. पण वर्षानुवर्षांची चहा-कॉफी एकदम बंद करू नका. डोके ठणकते, चिडचिड होते. आठवड्याला अर्धा-एक कप याप्रमाणे उतरवा.

अमेरिकानो दुधाच्या कॉफीपेक्षा अधिक गरम असते, कारण तिच्यात उकळत्याच्या जवळचे पाणी पडते. ६५ अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये काढला. म्हणून थोडे गार पाणी घालून घ्या, किंवा पाच-दहा मिनिटे थांबा. हात थरथरत असतील, तर कागदी पेला न देता कानाचा कप द्या आणि तो निम्माच भरा.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे दिवसभरातील पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर अमेरिकानोतील पाणी त्या हिशेबात धरा. ते विसरले जाते.

आणि आपला उन्हाळा. अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा बर्फ घातलेली अमेरिकानो हवीहवीशी वाटते. ती चवीपुरती ठीक, तहानेसाठी नव्हे. तहानेला माठातले पाणी, ताक, पन्हे हेच खरे; मधुमेह्यांनी पन्हे बिनसाखरेचे घ्यावे.

नातवंडांबरोबर कॅफेत बसण्याचा आनंद ज्येष्ठांनी जरूर घ्यावा; त्या गप्पांचे मोल औषधाहून कमी नाही. कॉफी ही काही वर्ज्य वस्तू नाही. फक्त कपातील रंगावर विश्वास न ठेवता त्यातले शॉट मोजावेत. धडधड, चक्कर किंवा अनियमित नाडी जाणवली, तर कॉफी थांबवून आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि त्यांना औषधांच्या यादीबरोबर दिवसभरातील चहा-कॉफीचे कपही सांगावेत.