चूक दाखवावी, माणूस नव्हे

कापडाचा ताका उलगडून तपासताना धागा तुटला असेल तिथे आपण खूण करतो. विणकराच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत नाही. निदान करू नये. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या धंद्यातही अशी तपासणी असते. एकाने लिहिलेला प्रोग्राम वापरात घेण्याआधी दुसरा जाणकार तो ओळीओळीने वाचतो. आपली बरीच मुले आता या धंद्यात आहेत, म्हणून हे लिहितो.

या तपासणीची शिस्तशीर पद्धत आयबीएम कंपनीच्या मायकेल फेगन यांनी १९७६ साली मांडली. योजना आखणारा, लिहिणारा, चाचणी घेणारा आणि बैठक चालवणारा असे चौघे बसत. चालवणारा शक्यतो दुसऱ्या कामावरचा असावा, म्हणजे तो कोणाची बाजू घेणार नाही. बैठक २ तासांपेक्षा लांबवायची नाही. तिथे चूक फक्त नोंदवायची. दुरुस्ती लिहिणाऱ्याने नंतर करायची. आणि सर्वांत मोठी अट अशी की, सापडलेल्या चुका मोजून कोणाची लायकी ठरवायची नाही. हिशेब सरळ आहे. चुकीपायी रोजीवर गदा येणार असेल तर माणूस काम दाखवायलाच कचरेल, आणि ती चूक थेट गिऱ्हाइकाकडे उघडी पडेल.

तरीही भल्याभल्यांची जीभ घसरते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स म्हणजे या हुन्नरातले उस्ताद. पण इतरांच्या कामावर ते जाहीरपणे जहरी शब्दांत लिहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच माफी मागितली आणि काही आठवडे काम बाजूला ठेवले. त्यांचे आक्षेप पुष्कळदा बरोबर होते, बोलणे चुकले.

आता तपासणी बहुधा लेखी होते, आणि लिहिलेल्या शब्दात आवाजातला ओलावा उतरत नाही. ‘एवढेही कळत नाही?’ असे न लिहिता ‘नग शून्य आले तर हा भागाकार अडेल असे वाटते, आपण पाहिले आहे का?’ असे लिहावे. कधी लिहिणाऱ्याने ते आधीच सांभाळलेले असते आणि चूक वाचणाऱ्याचीच निघते. मुद्दा केवळ आपल्या पसंतीचा असेल तर ‘बारीक गोष्ट आहे, नाही केली तरी चालेल’ असे साफ सांगावे.

गूगलने २०१९ मध्ये आपले तपासणीचे नियम सर्वांसाठी खुले केले. आलेल्या कामाला फार तर कामाच्या १ दिवसात उत्तर द्यावे, असे त्यांत आहे. हा नियम मला फार पटला. काम चार दिवस अडून राहिले की लिहिणाऱ्याला सगळे पुन्हा डोक्यात आणावे लागते, आणि तोवर त्याच ओळींत दुसऱ्या कोणी बदल करून ठेवलेला असतो.